चीनला शिकायला जाणारी मुले आणि कोटणीसांचे सोलापूर

नीटचा निकाल लागतो, सरकारी कॉलेजला मार्क पुरत नाहीत हे कळते, आणि सोलापूरच्या कितीतरी घरांत पुढचे दोन महिने एकाच विषयावर बोलणे चालते. वैशंपायन मेडिकलची यादी हातची गेलेली असते. खासगी कॉलेजच्या इन्स्टिट्यूशनल कोट्याची फी ऐकून घरातले मोठे गप्प झालेले असतात. मुलगी मात्र डॉक्टरच व्हायचे म्हणून हटून बसलेली असते. मग कोणी पाहुणा सुचवतो, अमक्यांचा मुलगा चीनला आहे, चौकशी करून बघा. चौकशी म्हणजे कन्सल्टन्सीचे ऑफिस. तिथे गुळगुळीत कागदाचे रंगीत पत्रक मिळते. त्यावर उंच इमारतीचा फोटो, खाली ‘इंग्रजी माध्यम’, ‘भारतीय मेस’, ‘फी हप्त्याने’. रुग्णालयातला एकही फोटो त्यावर नसतो.

२०२४ मध्ये देशभरात २३ लाखांहून जास्त मुलांनी नीट दिली. एमबीबीएसच्या जागा लाखाच्या थोड्या वर, आणि त्यातल्या सरकारी साधारण निम्म्या. उरलेल्या मुलांपैकी ज्यांची ऐपत आणि जिद्द दोन्ही मधली आहे, ती रशिया, जॉर्जिया, किर्गिझस्तान, बांगलादेश, फिलिपाइन्स आणि चीनकडे वळतात. कोविडच्या आधी चीनमध्ये सुमारे २३ हजार भारतीय विद्यार्थी होते, आणि त्यातले बहुसंख्य वैद्यकीय शाखेचे. शेजारच्या देशाशी सीमेवर एवढा तणाव, विमानांची थेट ये-जा वर्षानुवर्षे बंद होती, तरीही हा ओघ पुन्हा सुरू झाला. म्हणून या प्रश्नाचा नीट आढावा घेणे भाग आहे, आणि तो घेताना सोलापूरकराला एका माणसापासूनच सुरुवात करावी लागते.

द्वारकानाथ शांताराम कोटणीस यांचा जन्म १० ऑक्टोबर १९१० रोजी सोलापुरात झाला. मुंबईच्या जी. एस. मेडिकल कॉलेजातून ते डॉक्टर झाले आणि पुढच्या शिक्षणाच्या तयारीत होते. १९३८ मध्ये जपानी आक्रमणाखाली भरडलेल्या चीनने वैद्यकीय मदत मागितली. काँग्रेसचे अध्यक्ष सुभाषचंद्र बोस यांनी आवाहन केले आणि पाच डॉक्टरांचे पथक उभे राहिले: अलाहाबादचे मदनमोहनलाल अटल हे प्रमुख, नागपूरचे मोरेश्वर चोळकर, कलकत्त्याचे देबेश मुखर्जी आणि बिजयकुमार बसू, आणि सोलापूरचे कोटणीस. म्हणजे पाचातले दोघे मराठी. १ सप्टेंबर १९३८ रोजी हे पथक मुंबईहून ‘राजपुताना’ बोटीने निघाले. हानकौ, छुंगछिंग असे करत १९३९ च्या फेब्रुवारीत ते येनानला पोचले. एकेक करून बाकीचे चौघे परतले, कोटणीस राहिले. मधल्या काळात सोलापूरहून वडील गेल्याची बातमी आली, तरी ते राहिले.

पुढची गोष्ट आपण व्ही. शांताराम यांच्या १९४६ च्या चित्रपटामुळे जाणतो, पण चित्रपटात शौर्य मोठे दिसते आणि अध्यापन लहान. माझ्या मते खरे मोल अध्यापनाचे आहे. १९४० च्या एका प्रदीर्घ लढाईत सलग ७२ तास शस्त्रक्रिया करून त्यांनी आठशेहून अधिक जखमींवर उपचार केल्याचे सांगितले जाते. असे पराक्रम युद्धात इतरही डॉक्टरांनी केले आहेत. कोटणीसांचे वेगळेपण पुढच्या कामात आहे. चीनमध्येच जखमींवर उपचार करणारे कॅनडाचे डॉ. नॉर्मन बेथ्यून नोव्हेंबर १९३९ मध्ये रक्तात जंतुसंसर्ग होऊन गेले. त्यांच्या नावाच्या आंतरराष्ट्रीय शांती रुग्णालयाचे संचालक म्हणून जानेवारी १९४१ मध्ये कोटणीसांची नेमणूक झाली, आणि जोडीला बेथ्यून यांच्याच नावाच्या वैद्यकीय शाळेत ते शिकवत. वर्गात समोर बसलेली पोरे होती शेतकऱ्यांची आणि सैनिकांची. त्यांना इंग्रजीचा गंध नाही. मुंबईत इंग्रजीतून शस्त्रक्रिया शिकलेल्या या तरुणाने तेव्हा चिनी भाषा शिकून घेतली, बोलायची आणि वाचायचीही, आणि चिनीतून व्याख्याने द्यायला सुरुवात केली. शस्त्रक्रियेवरचे पाठ्यपुस्तक लिहायला घेतले. रुग्णाला कुठे दुखते हे त्याच्या तोंडून ऐकायचे आणि त्याच भाषेत शिष्याला समजावून द्यायचे, अशी ती शाळा चालली. तिथल्याच परिचर्येच्या शिक्षिका क्वो छिंगलान यांच्याशी नोव्हेंबर १९४१ मध्ये त्यांचे लग्न झाले. मुलाचे नाव यिनहुआ ठेवले: ‘यिन’ म्हणजे भारत, ‘हुआ’ म्हणजे चीन. मूल साडेतीन महिन्यांचे असताना, ९ डिसेंबर १९४२ रोजी, अपस्माराच्या झटक्यांनी कोटणीस गेले. वय बत्तीस.

चीनमध्ये ते ‘के दिहुआ’ म्हणून ओळखले जातात. शिजियाझुआंगच्या हुतात्मा स्मशानभूमीत त्यांची समाधी आहे. त्याच शहरात १९९२ पासून त्यांच्या नावाची वैद्यकीय शाळा चालते, आणि नवे विद्यार्थी व कर्मचारी त्यांच्या पुतळ्यापुढे सेवेची शपथ घेतात. २००६ मध्ये चीनचे राष्ट्राध्यक्ष हू चिंताओ मुंबईला आले तेव्हा कोटणीस कुटुंबीयांना आवर्जून भेटले. इकडे सोलापुरात भैया चौकाजवळचे त्यांचे घर महापालिकेने स्मारक म्हणून जतन केले आहे. शहराबाहेरचा माणूस तिथे येतो आणि हळहळून जातो. आपण मात्र त्या रस्त्याने रोज जाऊनही क्वचितच आत पाऊल टाकतो.

बेथ्यून यांच्या त्या युद्धकालीन शाळेची परंपरा पुढे चांगचुन शहरातल्या वैद्यकीय विद्यापीठात गेली, आणि २००० मध्ये ते जिलिन विद्यापीठात विलीन झाले. तिथला वैद्यकीय विभाग आजही बेथ्यून यांच्याच नावाने चालतो. चीनच्या शिक्षण मंत्रालयाने २००७ मध्ये परदेशी मुलांना इंग्रजीतून एमबीबीएस शिकवण्याची परवानगी असलेल्या तीस संस्थांची यादी काढली, त्यात जिलिन होते. म्हणजे ज्या शाळेत सोलापूरचा डॉक्टर चिनीतून शिकवत होता, तिच्या वारसदार संस्थेत आज भारतीय मूल इंग्रजीतून शिकायला जाऊ शकते.

मराठी माणसाचे चिनी भाषेशी नाते एवढ्यापुरते मात्र नाही, आणि इथे पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजकडे थोडे थांबायला हवे. प्रा. पुरुषोत्तम विश्वनाथ बापट यांनी पाली शिकली ती धर्मानंद कोसंबींच्या परंपरेत. पुढे ते हार्वर्डला गेले. ‘विमुत्तिमग्ग’ हा बौद्ध ग्रंथ मूळ रूपात हरवला, चिनी भाषांतरात तेवढा तगला. बापटांनी तो चिनीतून वाचून ‘विसुद्धिमग्गा’शी ताडून पाहिला आणि १९३७ मध्ये पुण्याहून तो अभ्यास पुस्तकरूपाने आला. वासुदेव विश्वनाथ गोखले यांनी त्याआधीच, १९३० मध्ये, आर्यदेवाचे ‘अक्षरशतक’ चिनी आणि तिबेटी भाषांतरांच्या आधारे जर्मनीत प्रसिद्ध केले होते. भारतात हरवलेले भारताचेच ग्रंथ चिनी पोथ्यांतून परत आणण्याचा हा उद्योग पुण्याच्या एका साध्या कॉलेजात चालत होता. स्वातंत्र्याच्या वर्षी भारत सरकारने काही निवडक तरुणांना शिष्यवृत्ती देऊन पेकिंग विद्यापीठात धाडले, त्यांत वसंत वासुदेव परांजपे होते. १९५४ मध्ये नेहरू आणि माओ समोरासमोर बसले तेव्हा दुभाष्याच्या खुर्चीवर हाच मराठी माणूस होता. पुढे त्यांनी राजदूत म्हणून काम केले आणि उतारवयात पुण्यात राहून चीनवर लिहीत राहिले.

१९६२ नंतर हे सारे आटले. राजदूतांची नेमणूकसुद्धा १९७६ पर्यंत बंद होती. त्या कोरड्या काळातही कोटणीसांच्या साथीदाराने एक गोष्ट टिकवली: बिजयकुमार बसू त्याआधीच, १९५० च्या दशकात, पुन्हा चीनला जाऊन अॅक्युपंक्चर शिकून आले होते, आणि कलकत्त्यात त्यांनी ते रुजवले.

चीनने स्वतः आपली मुले परदेशी कशी धाडली, हेही पाहिले पाहिजे. १८५४ मध्ये युंग विंग येल विद्यापीठाची पदवी घेऊन बाहेर पडला. अमेरिकी विद्यापीठाचा तो पहिला चिनी पदवीधर. त्याच्या आग्रहाने १८७२ पासून चीनने १२० लहान मुले अमेरिकेला पाठवली. १८८१ मध्ये, मुले पाश्चात्त्य होत चालली या धास्तीने दरबाराने ती परत बोलावली. त्यातल्याच चान थ्येनयौने पुढे पेकिंग ते चांगच्याखौ हा रेल्वेमार्ग परदेशी अभियंत्यांशिवाय बांधून दाखवला. कोलंबिया विद्यापीठात १९१५-१६ च्या सुमारास जॉन ड्युई यांच्या विचारांनी भारावलेले दोन आशियाई विद्यार्थी होते: चीनचा हू शृ आणि आपले डॉ. बाबासाहेब आंबेडकर. दोघांनीही मायदेशी परतून आपल्या समाजाला प्रश्न विचारायला शिकवले. आज अमेरिकेतल्या परदेशी विद्यार्थ्यांत भारतीय पहिल्या क्रमांकावर आहेत: २०२३-२४ मध्ये भारताचे ३,३१,६०२, चीनचे २,७७,३९८. संख्येत आपण चीनला मागे टाकले. पण चीनने शंभर वर्षे ज्या हिशेबाने मुले पाठवली, म्हणजे कोणते ज्ञान आणायचे, आल्यावर कुठे लावायचे, तो हिशेब आपल्याकडे ना सरकार मांडते, ना घर.

चीनला एमबीबीएससाठी जाणाऱ्या मुलांच्या बाबतीत हा हिशेब न मांडणे फारच महागात पडले. बीजिंगच्या भारतीय दूतावासाने सप्टेंबर २०२२ मध्ये एक सविस्तर सूचनापत्र काढले. त्यात दिलेला आकडा असा: २०१५ ते २०२१ या काळात चीनमधून शिकून आलेल्या ४०,४१७ जणांनी एफएमजीई दिली आणि उत्तीर्ण झाले ६,३८७. म्हणजे शंभरातले सोळा. एफएमजीई ही परदेशी पदवीधराला इथे प्रॅक्टिस करण्याआधी द्यावी लागणारी चाळणी परीक्षा, २००२ पासूनची. वर्षातून दोनदा होते. तीनशे प्रश्न, चुकीला गुण कापत नाहीत, तरीही निम्मे गुण मिळवणे अवघड जाते. सहा वर्षे आणि लाखो रुपये घालवून परतलेला मुलगा मग क्लासला बसतो, दोन वर्षे, तीन वर्षे. काही जण शेवटी दवाखान्यात नोंदी ठेवण्याचे काम करतात.

एवढ्या नापासांना फक्त चिनी विद्यापीठे जबाबदार आहेत असे म्हणणे अन्यायाचे होईल. इतर देशांतून आलेल्यांचाही निकाल फारसा उजळ नाही, आणि आपल्याकडे प्रवेश न मिळालेलीच मुले तिकडे गेलेली असतात. फुदान, चच्यांग यांसारखी विद्यापीठे संशोधनात जगाच्या पहिल्या रांगेत आहेत, त्यांच्या रुग्णालयांतली यंत्रसामग्री आपल्या बहुतेक कॉलेजांना स्वप्नवत आहे. मग अडते कुठे? बांगलादेशात शिकून आलेल्या मुलांचा निकाल चीनहून आलेल्यांपेक्षा सातत्याने बरा लागतो. तिथली पुस्तके आपलीच, आजार आपल्यासारखे, आणि रुग्णाशी बोलायची भाषा चार दिवसांत अंगवळणी पडण्यासारखी. चीनमध्ये नेमके हेच तुटते.

आपल्या सिव्हिलच्या ओपीडीत उभे राहून पाहा. पूर्व भागातली विडी वळणारी बाई तेलुगूत सांगते, छातीत कसेतरी होते. अक्कलकोटचा म्हातारा कन्नडमध्ये पोटावर हात फिरवतो. मंगळवेढ्याचा शेतकरी मराठीत म्हणतो, चमक निघते. यांतल्या कोणालाही ‘पेन’ची तीव्रता दहापैकी किती हे सांगता येत नाही. शिकाऊ डॉक्टर विचारतो: कधीपासून, जेवल्यावर का उपाशीपोटी, रात्री झोपमोड होते का, आधी असे झाले होते का. अर्धे निदान या पाच मिनिटांत होते. त्याला तेलुगू येत नसेल तर तो सिस्टरला हाक मारतो, आणि सहा महिन्यांत स्वतः ‘एप्पटि नुंची’, म्हणजे ‘कधीपासून’, असे विचारू लागतो. आता हाच मुलगा चीनच्या वॉर्डात उभा करा. वर्गातली व्याख्याने इंग्रजीत झाली. वॉर्डातला रुग्ण प्रांतिक बोलीत बोलतो, प्राध्यापक चिनीत तपासतात, नोंदी चिनी लिपीत. मुलाला सीटी स्कॅन दिसते, गाठ दिसते, पण रुग्णाची हकीकत कळत नाही. तपासायला पुढे गेला तर रुग्ण बिचकतो. राउंड संपल्यावर कोणी मेहरबान डॉक्टर दोन वाक्ये इंग्रजीत सांगतो, तेवढीच शिदोरी.

दूतावासाच्या त्याच सूचनापत्रात म्हटले आहे की इंग्रजी माध्यमाच्या विद्यार्थ्यालाही एचएसके ही चिनी भाषेची परीक्षा चौथ्या पातळीपर्यंत उत्तीर्ण व्हावी लागते, नाही तर पदवी मिळत नाही. कन्सल्टन्सीच्या पत्रकात ‘इंग्रजी माध्यम’ हे शब्द मोठ्या अक्षरांत असतात. ही अट कुठेच नसते. आणि मला भीती या गोष्टीची वाटते की पालक ती अट ऐकल्यावर मुलाला भाषा शिकवण्याऐवजी ती कशी चुकवता येईल हे विचारतात.

राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने १८ नोव्हेंबर २०२१ रोजी परदेशी पदवीधरांसाठी नवे नियम काढले. त्यापुढे प्रवेश घेणाऱ्याचा अभ्यासक्रम किमान ५४ महिन्यांचा हवा, तोही एकाच संस्थेत आणि इंग्रजी माध्यमात. त्याच परदेशी संस्थेत १२ महिन्यांची इंटर्नशिप, आणि परत येऊन इथे पुन्हा १२ महिने. सगळ्यात जड अट वेगळीच आहे: ज्या देशात शिकलात तिथे त्या देशाच्या नागरिकाप्रमाणे डॉक्टरी करण्याचा परवाना मिळाला पाहिजे. चीनमध्ये तो परवाना देणारी परीक्षा चिनी भाषेत होते. परवाना नाही तर एफएमजीईला बसताच येणार नाही, असे दूतावासाने स्पष्ट लिहिले आहे. नियम कडक आहे, पण मला तो योग्य वाटतो. ज्या देशाचे रुग्ण तपासून तुम्ही शिकलात, त्या देशाला तुम्ही डॉक्टर म्हणून चालत नसाल तर सोलापूरच्या रुग्णाने तुमच्यावर विश्वास का टाकावा? आणि याच नियमाने, नकळत का होईना, भाषा पुन्हा मध्यभागी आणली आहे.

कोविडच्या बॅचने याची किंमत मोजली. जानेवारी २०२० च्या अखेरीस भारतातला पहिला कोविडरुग्ण सापडला, तो वुहानहून केरळला परतलेली वैद्यकीय विद्यार्थिनी. पाठोपाठ एअर इंडियाच्या दोन विमानांनी वुहानमधून साडेसहाशेच्या आसपास भारतीय आणले, त्यात बरेच विद्यार्थी. सुट्टीसाठी घरी आलेली हजारो मुले इकडेच अडकली. चीनने व्हिसा पुन्हा सुरू केला तो ऑगस्ट २०२२ मध्ये. अडीच वर्षे मुलांनी मोबाइलच्या पडद्यावर शस्त्रक्रिया आणि प्रसूती पाहिल्या. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले, आणि २९ एप्रिल २०२२ च्या निकालाने आयोगाला तोडगा काढायला सांगितले. आयोगाने ३० जून २०२२ पर्यंत अभ्यासक्रम पुरा केलेल्यांना एफएमजीईला बसू दिले आणि इथली इंटर्नशिप एकाऐवजी दोन वर्षांची केली. मुले संतापली, आंदोलने झाली. त्यांचा संताप समजतो. त्यांच्या हातात काहीच नव्हते. पण रुग्णाला हात न लावता डॉक्टर होता येत नाही, ही गोष्ट न्यायालयाने आणि आयोगाने दोघांनीही धरून ठेवली, आणि ती बरोबर होती.

वैद्यकीय सोडून इतर विषयांसाठी चीनला जाणारे मराठी विद्यार्थी मोजके आहेत. भाषा, इतिहास, अर्थव्यवस्था शिकून परांजप्यांसारखा चीनचा जाणकार व्हावे असे आज फारच थोड्यांना वाटते. हे मला वैद्यकीय निकालाहून जास्त चिंतेचे वाटते. सोलापूरच्या टेक्स्टाइल उद्योगाला, चादर-टॉवेलच्या निर्यातदाराला चीनचा बाजार आणि स्पर्धा कळायला हवी, आणि ती इंटरनेटवरच्या भाषांतराने कळणार नाही.

त्यामुळे माझे मत सरळ आहे. चीनला जाऊन डॉक्टर होता येते. ज्याला भाषा शिकायची तयारी आहे, ज्याने विद्यापीठ नीट निवडले आहे, ज्याच्या घरच्यांना सहा वर्षांचा खर्च आणि परतल्यावरचे एक वर्ष झेपते, त्याने जावे. ज्याला ‘इंग्रजीत चालते’ म्हणून जायचे आहे त्याने जाऊ नये. त्याचे पैसे आणि उमेद दोन्ही जातील. सोलापूरकरांना दोन विनंत्या. पहिली महापालिकेला आणि आपल्या विद्यापीठाला: कोटणीसांच्या स्मारकात चिनी भाषेचा एक नियमित वर्ग चालवा. ज्या माणसाने त्या भाषेत शिकवले त्याच्या घरात याहून योग्य काम सापडणार नाही, आणि चीनला निघालेल्या मुलांना त्याचा लगेच उपयोग होईल. दुसरी पालकांना. कन्सल्टन्सीच्या कागदावर सही करण्याआधी चार गोष्टी लेखी मागा: हे कॉलेज चीनच्या शिक्षण मंत्रालयाच्या सध्याच्या यादीत आहे का, अभ्यासक्रम संपूर्ण इंग्रजीत आहे की द्विभाषिक, इंटर्नशिप त्याच विद्यापीठाच्या रुग्णालयात आहे का, आणि मागच्या पाच वर्षांत तिथून आलेली किती मुले एफएमजीई उत्तीर्ण झाली. या चारपैकी एकाचेही उत्तर लेखी मिळाले नाही, तर पैसे भरू नका.